आधी एक ळ

बोईसरात त्यांना सगळे ट्रायलशेठ म्हणत. तोंडावर नाही, माघारी. तोंडावर नुसतं शेठ. मीही शेठच म्हणायचो आणि ते मला पेंटर म्हणायचे. सात वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढली, पण एकमेकांचं नाव घ्यायची वेळ कधी आली नाही. म्हणून इथेही घेत नाही.

दुकान स्टेशनातून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. रेडियमचं. गाड्यांचे नंबर, काचांवरची नावं, कारखान्यांतल्या पाट्या, हे सगळं पाठीला गोंद असलेल्या रंगीत प्लॅस्टिकमधून कापून लावायचं. ते प्लॅस्टिक चमको न चमको, लोक त्याला रेडियमच म्हणतात. आमच्या भागात तोवर हे काम ब्लेडने, हाताने चालायचं. शेठनी मशीन आणलं. प्लॉटर म्हणायचे त्याला. कॉम्प्युटरवर अक्षर टाकलं की तांदळाच्या कणीएवढं पातं सरसर फिरायचं आणि वरचं प्लॅस्टिक कापून खालचा कागद अख्खा ठेवायचं. वरचं कापायचं, खालचं राखायचं, एवढंच काय ते कसब. पण ते केसाएवढं असतं. पातं जरा वर राहिलं तर अक्षर सुटत नाही, जरा खाली गेलं तर कागदासकट हातात येतं.

म्हणून शेठ कुठल्याही कामाआधी रोलच्या कोपऱ्यात एक ळ कापायचे. नखाएवढा. काम पंधरा फुटी पाटीचं असो नाहीतर स्कूटरवरच्या दोन आकड्यांचं असो, आधी ळ. मी एकदा विचारलं, ळच का? तर म्हणाले, "दोन गाठी हायत, मधी अरुंद खिंड हाय. पातं कुटं चुकायचं ते तितंच चुकतंय. ळ निगाला की सगळी बाराखडी निगते."

मग तो ळ अंगठ्याच्या नखाने उचलायचा. अख्खा सुटला पाहिजे. मग कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवायचं. "रेघ दिसली पायजे, लागली नाय पायजे." दिसली आणि लागली नाही, की ते चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, "चला." लागली तर पातं खालीवर करून दुसरा ळ. कधी तिसरा. एकदा एका गुजराथी व्यापाऱ्याच्या दुकानाच्या पाटीसाठी मी नऊ मोजले.

गिऱ्हाईक वैतागायचं. एक ट्रकवाला गाडी रस्त्यावर उभी करून आत आला होता. "सेठ, मेरे नंबर में ये जलेबी कहाँ से आई?"

"जलेबी तुमारी नहीं, मेरी है," शेठ म्हणाले. "तुमारा नंबर बाद में."

शेठ आधी सफाळ्याला शिंपी होते. तिथे त्यांनी एका नवरदेवाचा सफारी सूट कापड आधी न भिजवताच कापला. इस्त्री करताना पाणी मारलं तशा बाह्या दोन-दोन बोटं वर चढल्या. लग्नाला दोन तास. नवरदेव मांडवात हात मागे बांधून उभा राहिला. "सगले फोटो बगा त्याचे," शेठ सांगायचे, "हात मागंच. चोरासारका. आजून रस्त्यात दिसला तर मीच गल्ली बदलतो." त्या दिवसापासून हा माणूस कशालाही आधी भिजवून बघितल्याशिवाय हात घालेना.

चहा आला की चमचाभर बशीत ओतायचे, बघायचे, मग प्यायचे. हॉटेल तेच, चहा तोच, रोजचा. बाकड्यावर बसायच्या आधी तळव्याने दाबून बघायचे. दुकानात नवा फोन बसला तेव्हा तर कहर झाला. कारखान्यात फोन करायचा असला की आधी समोरच्या फोटो स्टुडिओत लावायचे. स्टुडिओवाला रस्त्यापलीकडे काचेतून दिसायचा. तो उचलायचा.

"ऐकू येतंय का?"

"येतंय, शेठ. दिसताय पण."

"ठेवा," म्हणून मग कारखान्याचा नंबर फिरवायचे.

मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी आचाऱ्याला चौघांपुरता अख्खा बेत करायला लावला आणि आम्हा आजूबाजूच्या दुकानांतल्या चौघांना मंडपात पंगतीसारखं बसवून वाढायला लावलं. पोटभर जेवून झाल्यावर म्हणाले, "डालीत मीठ जास्त हाय." आचारी म्हणाला, "शेठ, उद्या कमी टाकतो." शेठ म्हणाले, "उद्या नाय, आत्ता. परत करा." आम्ही परत जेवलो.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी चौथीत शाळा सोडली. खरं तर शाळेने मला सोडलं. पण अक्षर मी वाचायच्या आधी काढायला शिकलो. किनाऱ्यावर आमच्या होड्या ओढलेल्या असायच्या, दर पावसाळ्यात त्यांना नवा रंग आणि तोंडाशी नाव. ते मी काढायचो. वीस वर्षं सातपाटीपासून खाली केळव्यापर्यंत माझ्या हातच्या नावांच्या होड्या समुद्रात जात होत्या. सूत ताणून, खडू लावून रेघ मारायची आणि मग नुसत्या नजरेने अक्षरं बसवायची. मनगटाखाली टेकू म्हणून काठी धरतात शिकाऊ लोक. मी कधी धरली नाही. ते मला कमीपणाचं वाटायचं.

आणि मग चाळिशी उलटल्यावर उजवा हात थरथरायला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभर. टर्पेंटाइनने म्हणा, कशाने म्हणा. एका होडीच्या नावातली वेलांटी माझ्या हातून अशी गेली, की पुढच्या वर्षी मालकाने दुसरा पेंटर बोलावला. बायकोलाही मी हाताचं सांगितलं नाही. ती सुकी मासळी विकायची. मी सांगितलं, होड्यांत आता काही राहिलं नाही, बोईसरला कारखाने आलेत, तिथे बघतो.

शेठच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. एक पत्र्याचा तुकडा दिला, काळा रंग दिला आणि म्हणाले, "ळ काढा."

मला राग आला. वीस वर्षं अक्षरं काढलेल्या माणसाला एक अक्षर काढायला सांगतात. पण काढला. पहिली गाठ हलली. पुसला. परत काढला, परत हलला. पुसला. तिसराही पुसला. चौथा श्वास रोखून काढला, तो बरा आला. घाम फुटला होता. मान वर केली तर शेठ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, बरं झालं, ह्यांचं लक्ष नव्हतं.

"उद्यापासून या," ते म्हणाले. "ब्रश आणू नका."

तो शब्द मला लागला. घरी जाताना ठरवलं की जायचं नाही. पण सकाळी गेलो. दुसरीकडे जायला होतं कुठे?

तर ही माझी गत. ब्रश गेला होता. कापलेल्या अक्षरांभोवतीचं जादा प्लॅस्टिक सोलून काढायचं, वर पारदर्शक टेप लावून अक्षरं उचलायची आणि पाटीवर बसवायची, हे काम मी करायचो. त्याला थरथरणारा हात चालतो, कारण टेप सगळं धरून ठेवते. हेही गेलं असतं तर घरी बसून बायकोच्या मासळीवरच्या माशा हाकायच्या.

मशीनवर माझा मनातून रागच होता. आणि त्या ळवर तर फारच. माझ्या एका ळने मला घाम फोडला होता, आणि हे पातं दिवसाला पंधरा काढत होतं.

शेठची दुसरी काळजी म्हणजे ओल. समुद्र तीन कोसांवर, पावसाळ्यात हवा पिळून काढावी अशी. रोलच्या कपाटात त्यांनी एक बल्ब कायम पेटता ठेवला होता, त्या उबेने रोल कोरडे राहायचे. रोलवरची धूळ कोणी फुंकली तर ओरडायचे, "तोंडाची ओल जाते, फडक्याने झाडा." म्हणायचे, "सकालचा रोल नि दुपारचा रोल एक नसतो, पेंटर. कागद फुगतो." मी मनात म्हणायचो, कागद आहे की भाकरी?

मग तो श्रावणातला दिवस. एका केमिकल कारखान्याचं काम होतं, चौदा पाट्या. हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं: वास आला तर वारा बघा. वाऱ्याला आडवे पळा. दुसऱ्या दिवशी दहाला मुंबईहून तपासणीचे साहेब येणार होते. कारखान्याच्या सेफ्टीवाल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "दहाला पाट्या भिंतीवर नसल्या तर पुढचं कुठलंच काम तुमच्याकडे नाही." दुकान त्या कारखान्यावरच चालत होतं. आणि तसला पिवळा रोल एकच उरलेला. नवा मुंबईहून यायला दोन दिवस.

सकाळी शेठनी ळ काढला, सुरेख निघाला. दोन पाट्यांची अक्षरं कापली आणि हिरवे रंगवलेले पत्रे आणायला ते पालघरला निघाले. जाताना म्हणाले, "बाकीच्या बारा तुमी कापा. बटन तेवढं दाबायचं. मधी मशीन थांबलं तर परत ळ. इसरू नका."

ते गेले आणि लाईट गेली.

पंखा बंद, आत कोंदट, म्हणून मी दार उघडं टाकलं. बाहेर झिम्मड पाऊस आणि खारा वारा. वेळ फुकट जाऊ नये म्हणून कपाटातून पिवळा रोल काढला आणि अख्खा उलगडून टेबलावर पसरून ठेवला. तयारी म्हणून. दोन तास तो तसाच पडून होता. मी त्याच्या शेजारी बसून विडी ओढत होतो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

लाईट आली. आता ळ काढायचा. दोन मिनिटांचं काम. पण मला ती दोन मिनिटं द्यायची नव्हती. तोच रोल, तेच पातं, सकाळचा ळ तिथेच कोपऱ्यात पडलेला. एका अक्षराला किती वेळा विचारायचं? मी बटण दाबलं. पातं सरसर फिरलं. बाराच्या बारा कापून झाल्या.

सोलायला पहिली घेतली. "वास" मधला वा कागदासकट वर आला आणि स सुटेचना. दुसरी घेतली. तीच गत. मग मी वाकून आडव्या उजेडात बघितलं. कागद पापडासारखा लाटालाटांनी फुगला होता. लाटेच्या माथ्यावर पात्याने आरपार कापलं होतं आणि खळग्यात नुसता ओरखडा. बाराही तशाच. रोल संपला होता.

मी पळून जायचा विचार केला. खोटं कशाला लिहू? चपला पायात घातल्या होत्या. पण मग शेठ येऊन बघणार आणि मी नसणार, हे मला त्याहून वाईट वाटलं. चपला काढल्या आणि बसून राहिलो.

तीनला टेम्पो आला. शेठ आत आले, टेबलाकडे बघितलं. एक पाटी उचलली, पाठीवर बोट फिरवलं. मग रोलचे सगळे कोपरे बघितले. सकाळचा एकच ळ होता.

"लाईट गेलेली?"

"गेलेली."

"ळ?"

"नाही काढला."

बशीत चहा ओतल्यावर बघायचे तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "शेठ, मी जातो. उद्यापासून येत नाही."

"उद्याचं उद्या." त्यांनी पिवळ्याची एक कातरण माझ्यापुढे टाकली आणि खणातून कटर काढून दिला. "ळ काढा."

"हाताने?"

"मशीनने काढून झालं ना तुमचं."

मी कटर धरला. हात हलत होता. पहिली गाठ वळवताना पातं सटकलं. तेव्हा मी जे बायकोला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. "माझा हात थरथरतो. म्हणून ब्रश सुटला. तुम्हाला माहीत नाही."

"म्हायत हाय," ते म्हणाले. "पयल्या दिवशी पायला."

"तुम्ही तर घड्याळ बघत होता."

"तेच बगत होतो. किती वेळात उटून जाता ते. तीनदा पुसलात, चौथ्यांदा काढलात. हात कोण बगत होतं? हाताला मशीन हाय माझ्याकडं."

त्यांनी कोपऱ्यातून शिंप्याचा लाकडी गज आणला, सफाळ्याच्या दुकानातला, आकडे पुसट झालेला. तो माझ्या मनगटाखाली आडवा सारला.

"काठी शिकाऊ लोक धरतात," मी म्हणालो.

"मग शिका," शेठ म्हणाले.

मनगट टेकवलं. हात हलत होता, पण गजावर त्याचं हलणं थांबलं आणि फक्त बोटं उरली. ब्रश हवेत असतो, कटर टेकलेला असतो, हा फरक मला तोवर कधी कळला नव्हता. दुसरा ळ काढला. शेठनी नखाने उचलला, अख्खा सुटला. कातरण उलटी करून बोट फिरवलं. चष्मा कपाळावर गेला.

"चला."

मग आम्ही दार लावून, कपाटातला बल्ब बाहेर टेबलावर टांगून कामाला बसलो. जिथे पातं वर राहिलं होतं तिथे मशीनच्याच ओरखड्यावरून मी कटर फिरवायचो. जिथे आरपार गेलं होतं तिथे अक्षराचे तुकडे शेठ एकेक सोडवून द्यायचे. टेपने उचलणं शक्यच नव्हतं. म्हणून मी होडीवर करायचो तसं पत्र्यावर सूत ताणून खडूची रेघ मारली, गोंद लगेच धरू नये म्हणून साबणाचं पाणी लावलं आणि एकेक अक्षर नजरेने जागेवर सरकवलं. शेठ मशीनवाले, त्यांना दोन अक्षरांतलं अंतर कॉम्प्युटर द्यायचा. ते बघत राहिले.

"मधी किती जागा सोडायची ते कसं कलतं?"

"कळत नाही. दिसतं."

"ट्रायल नाय?"

"वीस वर्षं ट्रायलच चाललीय, शेठ."

ते हसले. सात वर्षांत त्यांना हसताना मी फार तर चारदा बघितलं असेल.

अंधार पडेपर्यंत सात झाल्या. सकाळी सहाला परत बसलो. नऊच्या सुमाराला चौदावी पाटी भिंतीला टेकवली. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी पाट्या उचलायला गेलो तर शेठ म्हणाले, "थांबा." रस्त्यावर गेले आणि पाळीला निघालेल्या एका माणसाला हाताला धरून घेऊन आले. डोंगराकडच्या पाड्यावरचा होता, डबा काखेत. त्याला वीस पावलांवर उभं केलं.

"वाचा, दादा."

त्याने हळूहळू वाचलं. "वास... आला... तर वारा बगा. वाऱ्याला... आडवे पला."

"बरोबर. आता वास आलाय. वारा तिकडून हाय. कुटं पलाल?"

त्याने आमच्याकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं. "शेठ, मला हजेरी लावायची हाय. पलू कशाला?"

"आलाय समजा."

त्याने तोंड वळवून वारा बघितला आणि बरोबर आडवा हात केला. मग शेठ टेम्पोवाल्याला म्हणाले, "भर."

दहाला पाट्या भिंतीवर होत्या. मुंबईचे साहेब त्यांच्यापुढून न बघता गेले. पाटी नीट असली की कोणी बघत नाही. कारखान्याचं काम आमच्याकडे राहिलं आणि मीही राहिलो. उद्याचं उद्या म्हणाले होते, तो विषय त्यांनी परत काढला नाही. फक्त दुपारी लाईट जाऊन आली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेंटर." मी उठून ळ काढला.

शेठ जाऊन आता खूप वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. त्यांच्या मुलीने गज मला दिला होता. तो घरी दाराच्या वर ठेवलाय, त्याला कोणी हात लावत नाही.

हात आता पुष्कळच हलतो. मध्ये पालघरला बँकेत सहीचा नवा कागद भरायचा होता. काउंटरवरच्या पोरीने दोनदा सही घेतली, दोन्ही जुन्या सहीशी जुळेनात. पोर चांगली होती. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, राहू दे. अंगठा द्या, अंगठा चालतो."

वीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली. मी अंगठा देणार नाही. "दुसरा कागद द्या," मी म्हणालो. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, "ओ बाबा, आटपा." मी चालायची काठी काउंटरवर आडवी ठेवली, तिच्यावर मनगट टेकवलं. जुना कागद उलटा केला आणि कोपऱ्यात एक ळ काढला. पहिली गाठ हलली. दुसरा काढला. तिसरा काढला. तो उतरला. मग नव्या कागदावर सही केली.

पोरीने जुन्या सहीशी ताडून बघितली आणि शिक्का मारला. मग जुना कागद हातात घेऊन म्हणाली, "आजोबा, तुमच्या नावात तर हे अक्षर नाही."

"नाही," मी म्हणालो. "ते आधी काढायचं असतं."